गुटी, कुडा आणि पेज

रत्नागिरीच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन ‘बाळगुटीचं सामान द्या’ एवढंच म्हटलं, तरी दुकानदार फारसं काही विचारत नाही. एकामागून एक डबे उघडत तो कागदावर वस्तू ठेवत जातो. बाळहिरडा, मायफळ, जायफळ, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, पिंपळी. वर एखादी खारीक आणि दोन बदाम. घराघरांत यादी थोडी बदलते. कुणाकडे डिकेमाली असते, कुणाकडे सागरगोटा. पण मूळ गाठोडं तेच, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बाळाच्या पोटासाठी बांधलं गेलं आहे.

या गाठोड्याचा भूगोल पाहण्यासारखा आहे. मुरुडशेंग अगदी गावची. सड्याच्या कडेला, रानाच्या काठाला तिची झुडपं आपोआप वाढतात आणि पीळ घातलेल्या शेंगा उन्हाळ्यात वाळून काळ्या होतात. हळद आणि आलं परसातलं. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, पण आज दापोली-गुहागरकडे नारळी-पोफळीच्या सावलीत त्याची झाडं उभी आहेत आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’, ‘कोकण श्रीमंती’ अशा त्याच्या जातीही काढल्या आहेत. हिरडा घाटमाथ्यावरचा, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं कोवळी फळं गोळा करून वाळवतात, तोच बाळहिरडा. अतिविष मात्र थेट हिमालयातलं. आणि मायफळ? ते फळच नाही. तुर्कस्तान-इराणकडच्या ओक वृक्षाच्या फांदीवर एक बारीक गांधीलमाशी अंडी घालते, तिथे झाड गाठ धरतं, ती ही गाठ. काकडशिंगीही तशीच, हिमालयातल्या एका झाडावर मावा पडून तयार झालेली शिंगाच्या आकाराची गाठ. ज्या आजीने आयुष्यात घाट ओलांडला नसेल तिच्या डब्यात असा अर्धा आशिया होता. दाभोळ, जयगड, राजापूर ही बंदरं शतकानुशतकं व्यापारात होती, हे लक्षात घेतलं की याचं नवल वाटत नाही.

आता वापरण्याची रीत. सहाण स्वच्छ धुवायची, त्यावर आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी थेंबभर घ्यायचं आणि एकेक वस्तू ठरलेले वळसे उगाळायची. तयार झालेला गंध बोंडल्याने, चमच्याने किंवा बोटाने बाळाच्या ओठांत सोडायचा. सगळं शहाणपण त्या वळशांत होतं. बाळाची शी खडा झाली तर बाळहिरड्याचे वळसे वाढायचे. पातळ झाली तर हिरडा बंद आणि मायफळ, मुरुडशेंग पुढे. पोट फुगलं तर सुंठ, वेखंड. रात्रभर रडलं तर जायफळाचा एखादा वळसा, पण एखादाच. म्हणजे गुटी हे एक ठरावीक औषध नव्हतं. रोज सकाळी बाळाचं लंगोट पाहून केलेली ती एक नवी मांडणी होती. हे निरीक्षण मला गुटीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. बाजारात तयार मिळणाऱ्या गुटीच्या बाटलीत तो नेमका नाहीसा झाला आहे, कारण त्यात सगळ्यांच्या पोटाला एकच मिश्रण.

वनस्पतींच्या रसायनाकडे पाहिलं तर या निवडीला आधार सापडतो. हिरड्यात आतड्याला चालना देणारी, सोनामुखीच्या जातीची द्रव्यं असतात, म्हणून तो सारक. मायफळात टॅनिन भरपूर. शाईच्या उद्योगात मायफळ वापरलं जाई ते त्यामुळेच. टॅनिन आतड्याच्या अस्तरावर तुरटपणे आकुंचन आणतं आणि शी घट्ट होते. मुरुडशेंगेतही टॅनिन आहे. तिचा पीळ पाहून पोटातल्या मुरड्याशी कुणीतरी तिची सांगड घातली असावी. ती जुनी कल्पना असली तरी शेंग तुरट आणि स्तंभक आहे, हे खरं. अतिविष हे बचनागाच्या कुळातलं, पण बचनागासारखं जहरी नाही. आयुर्वेदात बालरोगांसाठी ते फार मानलं जातं, आणि नागरमोथा, पिंपळी, काकडशिंगीबरोबर ते ‘बालचतुर्भद्र’ या चूर्णात येतं. पण आज हिमालयात ते इतकं दुर्मीळ झालं आहे की बाजारात त्याच्या नावाखाली भलतीच मुळं विकली जातात. बचनाग आणि अतिविष यांची गल्लत बाळाच्या जिवावर बेतू शकते. ओळखीच्या, खात्रीच्या दुकानातून मिळत नसेल तर अतिविष गुटीतून वगळावं, हे मी निःसंकोच सांगेन.

दोन वस्तूंबद्दल अधिक थांबून बोलायला हवं, कारण त्या जवळजवळ प्रत्येक घरच्या गुटीत असतात.

पहिलं जायफळ. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूवर काम करतं. मोठ्या माणसालाही साधारण ५ ग्रॅम, म्हणजे जवळपास एक अख्खं जायफळ, पोटात गेलं तर भ्रम, धडधड, कोरड, उलट्या असा त्रास होतो. सहाणेवरच्या एका वळशात याचा अगदी सूक्ष्म अंश उतरतो हे खरं. पण बाळाचं वजन तीन-चार किलो असतं आणि त्याचं यकृत अजून तयार होत असतं. जायफळ दिल्यावर बाळ शांत झोपतं म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. ती झोप पोट बरं झाल्याची नसून गुंगीचीही असू शकते, आणि गुंगीत बाळ दूध कमी पितं.

दुसरं वेखंड. त्याला पाणथळ जागा लागते. कोकणात वहाळाकाठी ते लावलंही जातं. आयुर्वेदानेच त्याला वांती घडवणाऱ्या द्रव्यांत धरलं आहे, त्यामुळे जास्त वळसे झाले की बाळ उलट्या करतं. त्याहून गंभीर गोष्ट त्यातल्या बीटा-असारोन या द्रव्याची. भारतीय वेखंडात ते भरपूर असतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये त्याने गाठी निर्माण झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. धुरीत, बाळाच्या अंगाला लावायच्या पुडीत वेखंड असतं, ती वेगळी गोष्ट. पोटात देण्यासाठी मात्र आज त्याची बाजू घेता येत नाही.

आणि गुटी कधी सुरू करायची? पूर्वी दहाव्या-बाराव्या दिवसापासून करत. जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची स्पष्ट शिफारस आहे की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नाही. कोकणच्या संदर्भात हे विशेष पटण्यासारखं आहे. जूनच्या पहिल्या सरींत विहिरीचं पाणी गढूळ होतं, हवेत इतका ओलावा असतो की लाकडाला बुरशी धरते. तेच पाणी आणि नीट न वाळलेली तीच सहाण बाळाच्या तोंडापर्यंत पोचते. ज्या बोटाने गंध चाटवायचा त्या बोटाचं काय? आईच्या दुधातून बाळाला जंतूंपासून संरक्षण देणारे घटक मिळतात, ते कुठल्याच मुळीत नाहीत. गुटीत मधाचा थेंब घालण्याची पद्धत तर पूर्ण सोडायला हवी. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांना होणारा बोट्युलिझम ओळखला गेला. मधात हा आजार घडवणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, हा नियम त्यातून आला.

ज्यांना वाटतं की हे सगळं परकं शास्त्र आपल्यावर लादतंय, त्यांनी काश्यपसंहिता आठवावी. बालरोगांवरचा हा प्राचीन ग्रंथ फाटक्या पोथीच्या रूपात नेपाळमध्ये सापडला आणि हेमराज शर्मा यांच्या प्रस्तावनेसह १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर आला. त्यात बाळाला चाटवण्याच्या औषधांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि कुठल्या बाळाला ती देऊ नयेत याचीही गणती त्यातच आहे. गुटी ही जन्मलेल्या प्रत्येक बाळाला लागू करायची सरसकट गोष्ट नव्हे, हा विचार तिथे आधीपासून आहे.

मग पहिल्या सहा महिन्यांत बाळ कळवळून रडतं त्याचं काय करायचं? संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून, लालबुंद होऊन रडणारं बाळ ज्यांनी सांभाळलं आहे, त्यांना ‘वाट पाहा’ हा सल्ला निर्दयी वाटतो. वैद्यकात या रडण्याला पोटशूळ म्हणतात. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मॉरिस वेसल आणि सहकाऱ्यांनी त्याची व्याख्या केली: दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीनहून अधिक दिवस आणि असं तीन आठवड्यांहून अधिक रडणारं, एरवी निरोगी असलेलं बाळ. रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास टिपेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणूनच चौथ्या महिन्यात जे औषध चालू असेल त्याला यश मिळाल्यासारखं दिसतं.

तरीही या रडण्यावर वनस्पतीने काही फरक पडतो का, हे तपासलं गेलं आहे. १९९३ मध्ये इस्रायलमध्ये बडीशेप, कॅमोमाइल, ज्येष्ठमध वगैरे घातलेल्या चहाचा प्रयोग झाला. चहा मिळालेल्या ५७ टक्के बाळांचा शूळ थांबला, नुसत्या चवीचं पाणी मिळालेल्यांत २६ टक्के. २००३ मध्ये रशियातल्या संशोधकांनी बडीशेपेच्या तेलाचं पाण्यातलं मिश्रण १२५ बाळांवर वापरून पाहिलं. तिथे हे प्रमाण ६५ विरुद्ध जवळपास २४ टक्के असं आलं. ही लहान चाचण्यांची आकडेवारी आहे, पण बडीशेपेत आतड्याचा पेटका सैल करणारं तेल आहे, हे त्यातून जाणवतं. खोच अशी की नुसत्या पाण्यावरही दर चार बाळांतलं एक बरं झालं. काळाचा वाटा आहे तो हा.

आपल्याकडे हाच गुण वेगळ्या वाटेने वापरला जाई. बाळंतिणीला बाळंतशेपा, ओवा, बडीशेप खायला देत. जे काही बाळाला पोचायचं ते आईच्या अंगातून. बाळंतशेपा म्हणजे शेपूचं बी. १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि अल्कोहोल एकत्र करून ‘ग्राइप वॉटर’ बनवलं. पुढे ते जहाजांतून हिंदुस्थानात आलं आणि कोकणातल्या आयांनीही विश्वासाने घेतलं. अल्कोहोल त्यातून पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकाच्या शेवटी निघालं. त्या आधीच्या कित्येक बाळांना शेपूने आराम पडला की दारूने, हे सांगणं कठीण. बाळाचं पोट कोमट हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलकेच चोळणं, पाय सायकलसारखे हलवणं, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, बेंबीभोवती हिंगाच्या पाण्याचा पातळ हात फिरवणं, ओव्याची पुरचुंडी आधी आपल्या मनगटावर लावून मगच बाळाच्या पोटाशी धरणं, यांतलं काहीच पोटात जात नाही. म्हणून या उपायांना माझा पूर्ण पाठिंबा आहे.

झोपेचा आणि गुंगीचा विषय निघालाच आहे तर मुंबईच्या गिरणगावात डोकवायला हवं, कारण तीही रत्नागिरीचीच गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्यांत सर्वाधिक मजूर रत्नागिरी जिल्ह्यातून गेले होते. त्या वेळी आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता, तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. गिरणीत काम करणारी आई दहा-दहा तास खात्यात उभी असे आणि मागे चाळीच्या खोलीत बाळ. त्याने रडू नये म्हणून त्याला ‘बाळागोळी’ दिली जाई. त्या गोळीत अफू असे. १९२०च्या दशकात मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी बाळांना अफू देण्याची ही चाल किती सर्रास आहे ते नोंदवलं होतं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झाला, त्याच्यामागे कामगार बाळंतिणींच्या अशा हालांची पार्श्वभूमी होती. अफू दिलेलं बाळ निजतं, त्याला भूक लागत नाही आणि त्याचे जुलाबही थांबतात, कारण अफू आतड्याची हालचालच मंद करते. म्हणजे वरवर पाहता पोटाचं उत्तम औषध. प्रत्यक्षात बाळ उपासमारीने आणि श्वास मंदावून खचत जाई. त्या आयांना दोष द्यायचं माझ्या मनातही येत नाही. आईला बाळाजवळ बसायला वेळ न देणारी व्यवस्था त्या गोळीत भरलेली होती.

याच मार्गाने पुढे १९९० मध्ये जगाला आणखी एक धडा मिळाला. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड हे औषध अफूच्याच जातीच्या प्रभावाने आतडं स्तब्ध करतं. त्याचे लहान मुलांसाठीचे थेंब पाकिस्तानात वापरले जात होते आणि आतडं पूर्ण थंडावून बाळं दगावल्याच्या घटना पुढे आल्यावर ते बाजारातून काढून घेतले गेले. मूल जुलाबाने मरतं ते शी जास्त झाली म्हणून नव्हे. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं म्हणून मरतं. शी थांबवूनही पाणी आतच साचून राहिलं, तर मूल वाचत नाही.

जुलाबासाठी कोकणाकडे स्वतःची एक थोर वनस्पती आहे: कुडा. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीच्या डोंगरउतारांवर पांढऱ्या फुलांनी भरलेली त्याची झाडं दिसतात. फुलांची भाजी होते, कोवळ्या शेंगांचीही होते. औषधाला मात्र सालच हवी, किंवा पाळ, म्हणजे मूळ. ताकात उगाळून दिलेलं कुड्याचं पाळ हा आव पडण्यावरचा गावोगावचा उपाय. कुटजारिष्ट, कुटजघनवटी ही वैद्यांची औषधं त्याचीच. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या भागातल्या वनौषधींची माहिती देताना हगवणीवर वापरल्या जाणाऱ्या कुड्याचीही दखल घेतली होती. नंतर युरोपात ही साल गेली, गाजली आणि मग एकाएकी निकामी ठरली. कारण असं निघालं की व्यापाऱ्यांनी पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली होती. दोघांच्या शेंगा जोडीने लोंबतात, पानं सारखी दिसतात, पण काळ्या कुड्याच्या सालीत तो गुणच नाही. विल्यम डायमॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम हिंदुस्थानातल्या वनौषधींच्या नोंदी करताना या गोंधळाकडे लक्ष वेधलं होतं.

पांढऱ्या कुड्यातलं मुख्य द्रव्य कोनेसिन. ते आवेच्या अमिबावर चालतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा शुद्ध स्वरूपात उपयोगही करून पाहिला गेला, पण त्याने झोप उडणं, चक्कर, मज्जासंस्थेचे त्रास दिसले आणि मेट्रोनिडाझोल आल्यावर तो मागे पडला. म्हणून कुड्याच्या बाबतीत माझा आग्रह असा: पाच-सात वर्षांपुढच्या मुलाला वैद्याच्या देखरेखीखाली त्याची औषधं द्यायला हरकत नाही, तान्ह्याला अंदाजपंचे उगाळून नाही. शीतून रक्त पडत असेल तर कुडाही नाही आणि मायफळही नाही, थेट डॉक्टर. कारण बहुतेक वेळा तो अमिबा नसतो. लहान मुलांत रक्ती आव बहुधा शिगेला या जंतूची असते आणि तिला प्रतिजैविक लागतं.

आता पानओव्याची एक गोष्ट, जी कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवी. ज्या जाड, लुसलुशीत पानांची आपण पावसाळ्यात भजी करतो, तोच हा पानओवा. १९५३ मध्ये कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यक साप्ताहिकात एक लेख छापला. कॉलऱ्याच्या १८६ रुग्णांना त्यांनी शिरेतून सलाइन न लावता तोंडाने पाणी देऊन बरं केलं होतं. लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम ग्लुकोज. बरोबर जुलाब आटोक्यात आणण्यासाठी त्यांनी याच पानओव्याच्या पानांचा रस वापरला. जगाने लेखाकडे फारसं लक्ष दिलं नाही. रुग्ण वाचले ते पानांच्या रसाने की मीठ-साखरेच्या पाण्याने, हे ठरवण्यासाठी लागणारी मापं त्या लेखात नव्हती. पुढच्या काही वर्षांत साखर आतड्यातून आत शिरताना मिठाला आणि मिठाबरोबर पाण्याला ओढून नेते, जुलाब चालू असतानाही, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते कॉलऱ्याच्या रुग्णांवर दाखवलं.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धातले लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या इस्पितळात जमिनीवर रुग्ण पडलेले, सलाइनच्या बाटल्या संपलेल्या. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-ग्लुकोज-सोड्याचं पाणी भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला शिकवलं. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्यूदर ३.६ टक्क्यांवर आला. ज्यांनी कपाने पाणी पाजलं त्या माणसांना वैद्यकाचं काही शिक्षण नव्हतं. २०२२ मध्ये महालनबीस गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आणि इथे आपली पेज येते. १९८०च्या दशकात ढाक्याच्याच संशोधकांनी ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ शिजवून द्रावण केलं, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास. कॉलऱ्यात त्याने शीचं प्रमाण ग्लुकोजच्या द्रावणापेक्षाही कमी झालं. तांदळातला स्टार्च आतड्यात हळूहळू तुटून ग्लुकोज सोडतो, त्यामुळे मीठ-पाणी आत ओढणारी साखर सतत मिळत राहते, पण एकदम गोडवा वाढून उलट पाणी बाहेर ओढलं जात नाही. रत्नागिरीच्या घरात तापाला, जुलाबाला उकड्या तांदळाची पेज, वरची निवळ, चिमूटभर मीठ, हा आजाऱ्याचा आहार फार जुना आहे. त्याची रीत अनुभवातून आली होती. मागचं कारण मागाहून कळलं. फक्त मीठ मोजून घातलं पाहिजे. लिटरभर निवळीला सपाट अर्धा चहाचा चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम. त्याहून जास्त मीठ लहान मुलाला घातक आहे. चव पाहा: आपल्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.

तरी घरात ओआरएसचं, म्हणजे तयार मीठ-ग्लुकोजच्या मिश्रणाचं, पाकीट असेल तर पाकीटच आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. अख्खं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घालायचं, अर्धं-पाव नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढच्याला १०० ते २००. चमच्याचमच्याने, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सोबत झिंक चौदा दिवस, सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावर २०. झिंकने आजाराचा काळ कमी होतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब परतण्याचं प्रमाणही घटतं. ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मिळते. आईचं दूध, मऊ भात, गुरगुट्या भात, ताक, नाचणीचं सत्त्व, जे मूल खात होतं ते चालूच ठेवायचं. ‘पोट रिकामं ठेवून आतडं विसावू दे’ या समजुतीने कित्येक मुलं अशक्त होतात.

शहाळ्याबद्दल मात्र एक सावधगिरी. नारळाच्या बागांमुळे आपल्याकडे जुलाब झाले की पहिल्यांदा शहाळं आठवतं. त्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम अगदी थोडं. जुलाबात सोडियमच जास्त जातं. म्हणून शहाळं पेजेच्या सोबत चालेल, पेजेच्या ऐवजी नाही. आमसुलाच्या पाण्याचंही तेच. मे महिन्यात मुंबईहून आलेली नातवंडं आंबे, फणस, करवंदं यांवर तुटून पडतात आणि मग तोंडाची चव जाते, ढेकर येतात. तेव्हा जिरं आणि थोडं मीठ घातलेलं आमसुलाचं सार मोठ्या मुलांना बरं वाटायला मदत करतं. भूक पुन्हा लागते. थोडा ओवा चावून खाणं, सुंठ-गुळाची बारीकशी गोळी, हेही शाळेत जाणाऱ्या मुलांचे उपाय. आल्यामुळे मळमळ कमी होते याला चांगला आधार आहे. तान्ह्यांना मात्र यांतलं काहीच नाही.

जंतांबद्दल थोडक्यात. वावडिंग पाण्यात उकळून ते पाणी मुलांना देण्याची रीत कोकणात घरोघर होती, आणि किरमाणी ओव्यातलं सँटोनिन एकेकाळी जगभर जंतांचं औषध होतं. त्या दिवसांत त्यांचा मोठा आधार होता. आज अल्बेंडाझोलची गोळी स्वस्त, अचूक आणि मोफत आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांत ती दिली जाते, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, त्यापुढे अख्खी ४०० मिलिग्रॅमची. पाणी उकळल्याने वावडिंगाच्या रीतीचा अर्धा फायदा तेव्हाही होत असणार. मुलांच्या जुलाबांचं मोठं कारण असलेल्या रोटाव्हायरसवरची लसही २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे तिचे डोस असतात. जुलाबाची एवढी मोठी वाट अडवणारं दुसरं औषध कुठल्याच डब्यात नाही.

ज्यांना गुटीचा संस्कार जपायचा आहे, त्यांच्यासाठी सहा महिन्यांनंतर, बालरोगतज्ज्ञाला सांगून, थोडक्या वस्तूंची गुटी पुरे: बाळहिरडा, मुरुडशेंग, सुंठ, बदाम. अख्ख्या वस्तू घ्याव्यात, चूर्ण नको. रंगीत, नाव-गाव नसलेल्या पुड्या तर कधीच नकोत. १९८४ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडात एका भारतीय घरातल्या बाळाचा अशा घरगुती पुडीतल्या शिशामुळे मृत्यू झाला होता. प्रत्येक वस्तू वापरल्यावर उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावी. बुरशीचा ठिपका दिसला तर घासून काढू नये, फेकून द्यावी.

मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, टाळू आत गेली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, सहा-आठ तासांत शू झाली नाही, शीत रक्त दिसलं, हिरवी उलटी झाली किंवा पोट दगडासारखं कडक झालं, तर कुठलीही सहाण, कुठलीही पेज करत बसू नका. लांज्याच्या, राजापूरच्या आतल्या वाड्यांतून ग्रामीण रुग्णालयापर्यंतची वाट पावसाळ्यात तासाभराचीही असू शकते. हिरवी उलटी किंवा कडक पोट असेल तर तोंडाने काही न देता लगेच निघा. बाकीच्या वेळी बाटलीभर द्रावण आणि चमचा बरोबर घ्या, मूल शुद्धीवर असेल तर रिक्षात, एसटीत, मांडीवर असतानाही दर मिनिटाला एक चमचा देत राहा, आणि दूध पिणारं असेल तर वाटेत पदराआड घ्या.